प्राचीन प्वेब्लो गावं आणि त्यांची शेतजमीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या मेसा व्हर्डे या पठाराचे फोटो बहुतेकांनी पाहिलेले असतात. उभ्या कड्याच्या कपारीत दगडी घरं, मनोरे, गोल खड्डे. पाहणाऱ्याला हमखास पडणारा प्रश्न म्हणजे माणसं अशा अवघड जागी राहायला गेलीच कशाला. त्या प्राचीन प्वेब्लो लोकांनी तिथे जवळजवळ सातशे वर्षं काढली आणि कपारीत राहिले ते फक्त शेवटची शंभरेक वर्षं. आधीची सगळी वर्षं ते वर, शेताजवळ राहत होते. म्हणून इथले बरेचसे प्रश्न कपारीचे नसून शेताचे आहेत.

हे प्वेब्लो लोक कोण? कुठले?

कोलोरॅडो, यूटा, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही चार राज्यं जिथे एका बिंदूला मिळतात, त्या बिंदूच्या आसपासचा पठारी प्रदेश त्यांचा. त्यांचे वंशज आजही आहेत: ॲरिझोनातले होपी, न्यू मेक्सिकोतले झुनी, अकोमा आणि रिओ ग्रांदे नदीकाठची प्वेब्लो गावं. त्यामुळे 'नामशेष झालेली गूढ जमात' वगैरे जे व्हिडिओंमधून सांगितलं जातं, ते सरळ सोडून द्यावं.

मका या प्रदेशात सुमारे ४,००० वर्षांपूर्वी दक्षिणेकडून आला. भोपळा आणि घेवडा त्याच्या जोडीला होते, पण घेवडा बराच नंतर रुजला. इसवी सन ६०० पासून पुढे मेसा व्हर्डेच्या परिसरात शेतकरी वस्त्या दाटत गेल्या आणि १३०० च्या आत सगळा भाग रिकामा झाला. हाडांच्या रासायनिक तपासणीवरून दिसतं की पोटात जाणाऱ्या अन्नाचा जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा एकट्या मक्याचा होता. इतकं एकाच पिकावर अवलंबून असलेल्या माणसांना जमिनीची पारख नसती तर ते टिकलेच नसते.

वस्तीची जागा खरंच जमीन बघून ठरायची का? की आपण आज मागाहून तसा अर्थ लावतो?

शंका रास्त आहे. नकाशावर कुठलेही ठिपके टाकले तरी त्यांच्याजवळ काही ना काही चांगलं सापडतंच. म्हणून अभ्यासक उलटी परीक्षा घेतात. वस्त्यांच्या जागा आणि त्याच प्रदेशातल्या कशाही निवडलेल्या जागा यांची तुलना करून खऱ्या वस्त्या सकस, ओल धरणाऱ्या जमिनीच्या अधिक जवळ आहेत का, ते पाहतात. मध्य मेसा व्हर्डे प्रदेशात त्या तशा आहेत. निदान ६०० ते ११०० या काळातल्या छोट्या वाड्यांबाबत हे अगदी ठळक दिसतं.

नंतर चित्र बदलतं. गावं मोठी होतात, पाण्याच्या झऱ्यापाशी आणि बचावाच्या जागी सरकतात आणि जमिनीचा नकाशा पाहून गाव कुठे असेल हे सांगणं अवघड होत जातं. माझं मत विचाराल तर या विषयातली खरी गंमत तिथेच आहे. मक्याला कुठे जगता येईल हे जमिनीनं ठरवलं. त्या मर्यादेच्या आत माणसं कुठे राहिली, याची कारणं काळानुसार बदलत गेली.

तिथे 'चांगली जमीन' म्हणजे कोणती?

आपल्याकडे चांगली जमीन म्हटलं की नदीकाठची गाळाची जमीन डोळ्यांसमोर येते. तिथे मात्र सगळ्यात मोलाची जमीन पठाराच्या माथ्यावर होती आणि ती वाऱ्यानं आणून टाकलेली होती. नैऋत्येकडच्या वाळवंटी भागातून हजारो वर्षं बारीक तांबडी धूळ उडत आली आणि मेसा व्हर्डे व त्याच्या वायव्येच्या सपाट माळावर थराथरानं साचली. भूगर्भशास्त्रात तिला लोएस म्हणतात. हाताला मैद्यासारखी लागते, दगडगोटा जवळजवळ नसतो, लाकडी काठीनंही उकरता येते. ज्यांच्याकडे नांगर नव्हता, बैल नव्हता, लोखंड नव्हतं, त्यांच्या दृष्टीनं हा गुण केवढा मोठा!

पण मुख्य गुण पाणी धरण्याचा. तिथलं पाऊसमान विचित्र आहे. हिवाळ्यात बर्फ पडतो, जुलै ते सप्टेंबर मान्सूनच्या सरी येतात आणि मधले मे-जून जवळजवळ कोरडे जातात. मका पेरायचा तो नेमका मेमध्ये. म्हणजे उगवण आणि पहिली वाढ पावसावर होऊच शकत नाही. ती होते वितळलेल्या बर्फाच्या, मातीत मुरून राहिलेल्या ओलीवर. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी जशी भारी काळ्या रानातल्या ओलीवर निघते, तसाच हा प्रकार. फक्त तिथे वाफसा बर्फ देतो. लोएसचा थर चांगला खोल असेल तर ती ओल जुलैच्या पहिल्या सरीपर्यंत पुरते. खडकावर वीतभरच माती असेल तर जूनच्या मध्यालाच रोपं माना टाकतात.

त्यामुळे वरून सगळा तांबडा, सारखाच दिसणारा माळ पेरणाऱ्याच्या लेखी सारखा नव्हता. दोन दऱ्यांमधल्या रुंद धारेवर माती खोल असते आणि कडेला जावं तशी पातळ होत जाते. जुन्या वाड्या या धारांवर माळेसारख्या ओळीनं सापडतात, त्याचं कारण हे.

इतक्या कोरड्या हंगामात दाणा रुजायचा कसा?

खोल टोकून. होपी शेतकरी आजही ही पद्धत वापरतात. काठीनं वरची कोरडी माती बाजूला सारत खाली जायचं आणि हाताला गारवा लागेल तिथे थांबायचं. ही खोली वीतभर असते, कधी त्याहून जास्त. तिथे एकाच खड्ड्यात मूठभर दाणे टाकायचे, ओली माती परत वर घालायची आणि मग दोन-तीन पावलं सोडून पुढचा खड्डा. ओळी आपल्या मक्यासारख्या दाट नसतात. प्रत्येक झुंबक्याला भोवतालच्या मोठ्या वर्तुळातली ओल मिळाली पाहिजे, हा हिशोब.

साधा संकरित मका इतक्या खोलवरून वर येणार नाही. होपी वाणांचा कोंब जमिनीखाली विलक्षण लांब वाढतो आणि मगच पानं उघडतो. शेकडो वर्षांच्या निवडीतून घडलेला हा गुण आहे. एका खड्ड्यात दहा-बारा दाणे टाकण्यामागे पाखरं, उंदीर, अळी आणि वारा या सगळ्यांचा वाटा आधीच धरलेला असतो.

उंच जावं तसा पाऊस वाढतो. मग सगळे उंचावरच का नाही राहिले?

कारण थंडी. मक्याला ढोबळमानानं ११० ते १२० दिवस असे लागतात की ज्यांत दव गोठत नाही. पाऊस वर्षाला निदान ३०० मिलिमीटर हवा. उंची वाढली की पाऊस पुरतो पण दिवस पुरत नाहीत. उंची कमी झाली की दिवस भरपूर, पाऊस नाही. या दोन्हींच्या मधला, साधारण १,८०० ते २,१५० मीटर उंचीचा पट्टा हा तिथला मक्याचा पट्टा. अडचण अशी की तो स्थिर नसे. ओल्या, उबदार दशकांत तो वर-खाली दोन्हीकडे रुंदावे. कोरड्या आणि थंड दशकांत दोन्हीकडून आवळला जाई, आणि काही ठिकाणी पार चिमूटभर उरे.

डोलोरेस नदीचं खोरं हे याचं चांगलं उदाहरण. १९७८ ते १९८५ या काळात मॅकफी धरणाच्या निमित्तानं तिथे फार मोठं उत्खनन झालं. त्यातून कळलं की नवव्या शतकात, खालच्या भागात पाऊस कमी पडू लागला तेव्हा माणसं या उंच खोऱ्याकडे सरकली. शेकडो लोकांची मोठी गावं उभी राहिली, मॅकफी व्हिलेज त्यातलंच. मग शतकाच्या अखेरीस हवा कोरडी तर झालीच, वर हंगामही आखडला, आणि ९०० च्या सुमारास ती गावं ओस पडली. म्हणजे ज्या जमिनीनं एका पिढीला तारलं, तिनंच दोन पिढ्यांनंतर दगा दिला. माती तीच होती.

इथे आणखी एक बारकावा आहे. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून घसरत दरीच्या तळाशी जमते. तळाची माती कितीही काळीभोर असली तरी तिथे पीक आधी करपतं. मेसा व्हर्डेचं पठार दक्षिणेकडे कललेलं आहे, त्यामुळे त्याला ऊन तिरपं न मिळता जास्त थेट मिळतं आणि थंड हवा दऱ्यांत वाहून जाते. उंची बरीच असूनही तिथे मका पिकला, त्यात या कलाचा मोठा वाटा होता.

नद्या होत्या ना? काठानं वस्ती करून पाट का काढले नाहीत?

काही ठिकाणी केली. सान हुआन नदीकाठचं सॅमन प्वेब्लो आणि ॲनिमस नदीवरचं ॲझ्टेक ही अकराव्या-बाराव्या शतकातली मोठी बांधकामं नदीकाठच्या भिजणाऱ्या जमिनीला धरूनच आहेत. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी, कोलोरॅडो नदीकाठी उंकार नावाच्या जागेवरही शेती होती. पण प्रदेशातल्या बहुतेक मोठ्या नद्या खोल घळईत वाहतात. पाणी वर उचलायची सोय नसेल तर ते नुसतं बघायचं.

मग बांधबंदिस्ती काहीच नव्हती?

भरपूर होती, पण ओढ्या-ओघळींवर. मेसा व्हर्डेच्या ओघळींत दगडाच्या ताली एकाखाली एक घातलेल्या दिसतात, आणि त्यांची संख्या हजारांत जाते. पावसाळी लोंढा आला की प्रत्येक तालीमागे पाणी जरा थबकतं, गाळ टाकतं आणि पुढच्या तालीकडे जातं. काही वर्षांत तिथे पायऱ्या-पायऱ्यांची चिंचोळी शेतं तयार होतात. एका पायरीवर फार तर काही डझन रोपं मावतील; पण माथ्यावरचं पीक गेलं त्या वर्षी हीच ओळ घराला बियाणं पुरवत असणार.

ओघळ जिथे सपाटीवर उघडते तिथे, म्हणजे गाळाचा पंखा पसरतो त्या तोंडाशी, पेरणी करण्याची पद्धतही सर्रास होती. होपी आणि झुनी शेतकऱ्यांनी ती विसाव्या शतकापर्यंत मोठ्या प्रमाणावर चालवली. होपी प्रदेशात वाळूच्या टेकाडांवरही शेती होते, आणि ते वाटतं तितकं वेडेपणाचं नाही: वाळू पाणी पटकन आत घेते, वरचा कोरडा थर झाकणासारखा राहतो आणि खालची ओल उडत नाही. उत्तर न्यू मेक्सिकोत चामा नदीच्या परिसरात तेराव्या शतकानंतर शेतावर चक्क गोटे पसरून ठेवत. त्यानं बाष्पीभवन कमी होई आणि रात्री जमीन ऊब धरून राही.

घर शेतातच असायचं का?

शेतालगत, पण शक्यतो शेतावर नाही. ज्यावर मका येणार नाही अशा खडकाळ कडेला घर बांधायचं आणि पेरायची जमीन मोकळी ठेवायची, हा कल पुष्कळ ठिकाणी दिसतो. ॲरिझोनाच्या ईशान्य भागातल्या लाँग हाउस व्हॅलीत तो फार स्पष्ट आहे. खोऱ्याचा सपाट तळ शेतीला आणि घरं भोवतालच्या उतारांवर, अशी तिथली मांडणी.

गावं मोठी झाली तेव्हा दुसरी अडचण आली. सगळ्यांची शेतं गावाजवळ मावेनात. रोज पायी जाऊन खुरपणी, राखण आणि पाखरं हाकणं करायचं तर किलोमीटर-दोन किलोमीटरपलीकडचं रान परवडत नाही. म्हणून लांबच्या शेतांवर एक-दोन खोल्यांच्या खोपी उभ्या राहिल्या. हंगामात कुटुंबातले काही जण तिथेच मुक्काम करत. पुरातत्त्वाच्या पाहणीत अशा खोपी शेकड्यांनी सापडतात आणि त्यांचा एक उपयोग मालकी दाखवण्याचाही असावा असं मानलं जातं: इथे आमची खोप आहे, म्हणजे हे रान आमचं.

गावं सारखी का हलवली जात?

सुरुवातीच्या शतकांत मातीत अर्धवट रुतलेली, लाकडी खांबांची घरं असत. ती दहा-पंधरा वर्षांत कुजत. तेवढ्या अवधीत जवळचं सरपण संपे, हरणं पांगत, रानाचा कसही उतरे. घर पुन्हा बांधायचंच आहे तर ते नव्या रानाजवळ का बांधू नये? बाराव्या शतकापासून दगडी बांधकाम वाढलं आणि एकाच जागी पिढी-दोन पिढ्या राहणं सुरू झालं. दगड टिकाऊ म्हणून माणसं थांबली, असं म्हणता येईल. मला उलट जास्त पटतं: हलायला मोकळी जमीन उरली नव्हती, जी हातात होती ती सोडली तर दुसरा घेणार होता, म्हणून माणसांनी टिकाऊ घरं बांधली.

चाको कॅन्यनचं काय? तिथली जमीन तर वाईट म्हणतात.

हा सगळ्यात वादाचा प्रश्न, आणि उत्तर थोडं लांबेल.

न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनमध्ये सुमारे ८५० ते ११५० या काळात बारा-पंधरा महाप्रासाद उभे राहिले. प्वेब्लो बोनितो हा त्यातला सर्वात प्रसिद्ध, सहाशेहून अधिक खोल्यांचा आणि चार मजल्यांपर्यंत चढलेला. आणि पाऊस? वर्षाला सुमारे २२० मिलिमीटर, म्हणजे मक्याच्या किमान गरजेच्याही खाली. बऱ्याच वर्षी थंडीही लवकर उतरते. जमीन पाहून गाव ठरतं हा नियम मानला तर चाको तिथे असायलाच नको.

यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, धान्य बाहेरून येत होतं. २००३ साली लॅरी बेन्सन आणि सहकाऱ्यांनी प्वेब्लो बोनितोत सापडलेल्या मोजक्या कणसांतलं स्ट्राँशियम, म्हणजे मातीतून पिकात उतरणारं एक मूलद्रव्य, तपासलं. ते चाकोच्या मातीशी जुळलं नाही. जुळलं ते पश्चिमेला सुमारे ८० किलोमीटरवरच्या चुस्का पर्वताच्या पायथ्याशी किंवा उत्तरेच्या सान हुआन-ॲनिमस नद्यांच्या पूरमैदानाशी. चाकोतल्या माळवदांची हजारो तुळयांची लाकडंही दूरच्या चुस्का आणि झुनी पर्वतांतून आलेली आहेत, तेव्हा मका येणं अशक्य नाही.

दुसरा तट म्हणतो, खोऱ्याला इतकं नाकारू नका. उत्तरेच्या कड्यावरून पावसाचं पाणी धबाधबा खाली येतं. ते बंधारे, पाट आणि दरवाजे यांतून वळवून चौकोनी वाफ्यांत सोडण्याची व्यवस्था तिथे सापडली आहे. माती खारट असल्यानं मका येणार नाही, हा जुना आक्षेप २०१६ साली सिनसिनाटी विद्यापीठाच्या चमूनं खोडून काढायचा प्रयत्न केला. त्यांच्या मते तिथले क्षार मक्याला मारक नाहीत.

मला दोन्हींत तथ्य दिसतं. थोडी माणसं तिथल्या पाण्यावर जगली असतील. सण-समारंभाला जमणारी गर्दी आणि इमारती बांधणारे हात मात्र बाहेरच्या धान्यावरच पोसले गेले असणार. वस्तीचं ठिकाण शेतीपेक्षा धर्म, सत्ता आणि देवाणघेवाण यांनी ठरलं, याचं चाको हे सर्वात बोलकं उदाहरण आहे. पण त्या सत्तेचंही पोट कुठल्यातरी दूरच्या चांगल्या रानावरच भरत होतं.

ज्वालामुखीच्या राखेमुळे लोक आले, हे खरं का?

ॲरिझोनात फ्लॅगस्टाफजवळ १०८५ च्या सुमारास सनसेट क्रेटरचा उद्रेक झाला. जिथे काळ्या राखेचा थर जाड बसला तिथली शेती मेली. पण काही अंतरावर, जिथे तो बोटा-दोन बोटांचा पातळ पसरला, तिथे त्यानं आच्छादनाचं काम केलं आणि एरवी फार कोरड्या असलेल्या वुपाट्कीच्या परिसरात बाराव्या शतकात वस्ती वाढली. त्या काळात पाऊसही बरा झाला होता, म्हणून सगळं श्रेय राखेला देता येत नाही.

मग १२०० नंतर लोक कपारीत का गेले? तिथे तर शेतच नाही.

शेत वरच राहिलं. क्लिफ पॅलेससारख्या वस्तीतली माणसं खडकात कोरलेल्या बोटा-पायांच्या खाचांवरून रोज माथ्यावर चढत, टोकणी-खुरपणी करत आणि पाठीवर कणसं घेऊन उतरत. म्हणजे घरानं शेताची सोबत सोडली आणि ती जाणूनबुजून सोडली.

कारणांत पाणी पहिलं. कपारींच्या मागच्या भिंतीतून झरे पाझरतात. मेसा व्हर्डेबाहेरची तेराव्या शतकातली मोठी गावंही, सँड कॅन्यन प्वेब्लो किंवा यलो जॅकेट, दरी जिथे सुरू होते त्या वरच्या टोकाशी झऱ्याला वेढा घालूनच बसली आहेत. दुसरं कारण भीती. कोट, मनोरे, अवघड वाटा हे सगळं सजावटीसाठी नव्हतं. कॅसल रॉक नावाच्या वस्तीवर १२८० च्या सुमारास हल्ला होऊन अनेक माणसं मारली गेली, याचा पुरावा हाडांवरच आहे. लोकसंख्या त्या वेळी शिगेला पोचली होती. मध्य मेसा व्हर्डेत वीस हजारांच्या वर माणसं असावीत. चांगली रानं भरलेली, हरणं जवळजवळ संपलेली, मांसासाठी टर्की पाळायची आणि त्यांनाही मकाच घालायचा. म्हणजे एकाच पिकावर माणूस आणि पाखरू दोन्ही.

शेवटी दुष्काळामुळेच सोडून गेले ना?

शाळेच्या पुस्तकातलं उत्तर तेच. १२७६ ते १२९९ हा दीर्घ दुष्काळ ए. ई. डग्लस यांनी झाडांच्या वर्षवलयांवरून वाचला, आणि मेसा व्हर्डेतली शेवटची तोडलेली लाकडं १२८० च्या आसपासची आहेत. तारखा जुळतात.

पण कार्ला व्हॅन वेस्ट यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माती आणि वर्षवलयं एकत्र करून वर्षावर्षाचा संभाव्य उतारा काढला, तेव्हा दिसलं की सर्वात वाईट वर्षांतही काही हजार माणसं पोसण्याइतकी जमीन पिकत होती. अट एकच: ज्या वर्षी जिथे पिकेल तिथे जायची मोकळीक हवी. गावं, कुळं आणि हक्कांनी बांधलेल्या, शेजाऱ्याला घाबरणाऱ्या माणसांना ती मोकळीक नव्हती.

लाँग हाउस व्हॅलीचं संगणकीय प्रारूपही हेच सांगतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात पाच-पाच माणसांची आभासी कुटुंबं होती. दर माणशी वर्षाला १६० किलो मका लागेल असं धरलं आणि ८०० ते १३५० या काळातल्या खऱ्या हवामानाच्या नोंदींवर ती सोडली. लोकसंख्येचे चढउतार आणि वस्त्यांचं सरकणं बऱ्यापैकी खऱ्यासारखं आलं. फक्त शेवट चुकला: संगणकात काही कुटुंबं खोऱ्यात तगून राहिली, प्रत्यक्षात खोरं पूर्ण रिकामं झालं. जी राहू शकली असती तीही गेली. शेजारी, नातेवाईक आणि सण साजरे करायला पुरेशी माणसं उरली नाहीत तर चांगल्या रानालाही धरून बसत नाहीत, असा याचा अर्थ बहुतेक जण काढतात आणि मलाही तो पटतो.

गेले कुठे आणि तिथलीच जमीन का निवडली?

दक्षिणेला आणि आग्नेयेला: होपी, झुनी, अकोमा आणि रिओ ग्रांदेचं खोरं. तेराव्या शतकाच्या मध्यापासून वायव्य भागातला हिवाळी बर्फ आणि उन्हाळी पाऊस यांचा मेळ बिघडला. आग्नेयेला उन्हाळी पाऊस आधीपासूनच मुख्य होता आणि तो त्यामानानं टिकून राहिला. बर्फाच्या ओलीवर पेरणाऱ्याला पावसाचा भरवसा असलेलं रान हवं होतं. शिवाय रिओ ग्रांदेकाठी आधीच माणसं होती, ओळखी होत्या.

जमीन पिकवून-पिकवून थकली होती का?

काही ठिकाणी कस उतरला असेल, पण सरसकट नाही. झुनी भागात पिढ्यान्‌पिढ्या पिकवलेल्या आणि कधीच न पिकवलेल्या जमिनींची तुलना मृदाशास्त्रज्ञांनी केली, तेव्हा ठळक ऱ्हास आढळला नाही. वरच्या जंगलातला पालापाचोळा आणि लेंड्या पावसाच्या लोंढ्याबरोबर दरवर्षी शेतात येऊन पडतात. फुकटचं खत.

तेराव्या शतकात कुठल्या शेतात किती पिकलं असेल, हे आज कसं कळतं?

सरकारी मृदा सर्वेक्षणातून प्रत्येक तुकड्यातल्या मातीची खोली आणि पाणी धरण्याची ताकद मिळते. वर्षवलयांतून त्या वर्षीचा पाऊस आणि काही झाडांतून उष्णताही कळते. मग विसाव्या शतकातल्या त्याच भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या उताऱ्याच्या नोंदी लावून दोन्हींचं नातं बसवतात. यात खोट अशी की आजचा वाण वेगळा आणि अवजारंही वेगळी. म्हणून कोर्टेझ गावाजवळच्या क्रो कॅन्यन पुरातत्त्व केंद्रानं २००८ पासून होपी शेतकऱ्यांना बोलावून होपी बियाणं, होपी पद्धतीनं, त्याच तांबड्या मातीत लावून पाहिलं. ते चांगलं आलं. कागदावरच्या आकड्यांपेक्षा हा पुरावा मला जास्त मोलाचा वाटतो, कारण निर्णय घेणारा माणूसही त्यात आहे.

आज त्या जमिनीवर कोण पिकवतं?

डव्ह क्रीक गाव आणि भोवतालच्या माळावर आजही पाटाच्या पाण्याशिवाय घेवडा आणि गहू होतो. गाव स्वतःला पिंटो घेवड्याची जागतिक राजधानी म्हणवतं. आठशे वर्षांपूर्वीच्या वाड्यांचे ढिगारे याच शेतांत, नांगराच्या फाळाखाली आहेत.

तिकडे गेलो तर काय पाहावं?

कपारीतली घरं पाहालच. त्याआधी मेसा व्हर्डेत चॅपिन मेसावरची फार्मिंग टेरेस ट्रेल ही छोटी पायवाट करा. ओघळीतल्या दगडी ताली तिथे हाताच्या अंतरावर दिसतात, आणि गर्दी नसते. फार व्ह्यू भागात माथ्यावरची, शेतालगतची जुनी गावं आहेत. होव्हनवीप या जवळच्या अवशेषस्थळी गेलात तर दरीच्या वरच्या टोकाशी झरा आणि त्याभोवती मनोरे, ही तेराव्या शतकातली मांडणी एका नजरेत कळते. शक्य असेल तर कोर्टेझहून डव्ह क्रीककडे जाणाऱ्या महामार्ग ४९१ वरून मे-जूनमध्ये जा, तांबडी माती तेव्हा उघडी असते. खापराचे तुकडे पायाशी दिसतील, ते पाहून तिथेच ठेवा; सरकारी जमिनीवरून उचलणं गुन्हा आहे, आणि होपी गावांत फोटो काढायलाही मनाई असते.